पहिली सायफाय फिगर घेताय? मग आधी कपाटासमोर उभे राहा

कंपनीचा फोटो बघून फिगर, म्हणजे विज्ञानकथेतल्या पात्राची हलत्या सांध्यांची छोटी प्रतिकृती, पसंत करू नका. त्या फोटोतला नमुना बऱ्याचदा खास हाताने रंगवलेला असतो, त्याच्यावर स्टुडिओचा उजेड असतो आणि हवेत झेप घेतलेल्या पोझमागचा स्टँड नंतर संगणकावर पुसलेला असतो. तुमच्या घरी येते ती साच्यातून निघालेल्या हजारो फिगर्सपैकी एक. तिचा एक डोळा जरा वर असू शकतो, गुडघा सैल असू शकतो, खांद्यावरचा रंग हातावर उतरलेला असू शकतो. आणि ती उभी राहणार आहे सांगलीच्या घरात. इथे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि जुलैत कपाटातल्या कपड्यांनाही कुबट वास येतो.

म्हणून नव्या माणसाने फिगर तपासताना एकच कसोटी धरावी: जिथे ठेवणार तिथून, जितक्या अंतरावरून रोज बघणार तितक्या अंतरावरून, आणि आपल्या हवेत काही वर्षं काढल्यावर ती कशी दिसेल? खाली जे क्रमाने सांगतोय ते सगळं याच प्रश्नासाठी. फिगर पुढे विकून नफा कमवायचा असेल तर तो वेगळा धंदा आहे, त्याबद्दल इथे काही नाही.

जागा आधी, फिगर नंतर

टेप घ्या आणि कपाटाचे खण मोजा. दोन फळ्यांमधली उंची, फळीची खोली, आणि दार सरकतं असेल तर काचेच्या पट्टीत जाणारी जागा. हे न करता लोक ऑर्डर देतात आणि मग फिगरला मान वाकवून बसवतात.

स्केल म्हणजे खऱ्या उंचीला कितीने भागलं ते. सहा फुटी माणूस १८३ सेंटिमीटर. १:६ ला तो साडेतीस सेंटिमीटर होतो, १:१२ ला सव्वापंधरा आणि १:१८ ला दहाच्या आसपास. बोलताना संग्राहक ‘वन-सिक्स्थ’, ‘सहा इंची’, ‘पावणेचार इंची’ असं म्हणतात. पावणेचार इंच हा आकार रूढ झाला तो केनर कंपनीने १९७८ मध्ये बाजारात आणलेल्या स्टार वॉर्सच्या फिगर्समुळे. त्याआधी १९६४ चा पहिला जी. आय. जो हा सैनिक बाहुला बारा इंची होता. फिगर लहान केल्यावर तिला शोभेल अशी अंतराळयानंही मुलाच्या हातात मावतील आणि बापाच्या खिशाला झेपतील अशा आकारात करता आली. आज बाजारात जोर आहे तो सहा इंचीचा. जपानच्या बांदाईची एस. एच. फिगुआर्ट्स मालिका २००८ पासूनची, अमेरिकेच्या हॅस्ब्रोची ब्लॅक सिरीज २०१३ पासूनची. हॉट टॉईज ही हाँगकाँगची कंपनी १:६ साठी ओळखली जाते, आणि तिथे कपडे कापडाचे, चेहरा जवळून बघण्यासारखा आणि किंमत पंचवीस-तीस हजारांच्या घरात किंवा वर. (‘एवढ्यात एक वेढणं झालं असतं’ हे वाक्य घरात ऐकू येणारच. त्यावर उत्तर शोधत बसू नका.)

खण किती उंच हवा? फिगरची उंची, अधिक स्टँडचा पाट, अधिक वर उचललेला हात किंवा शस्त्र, अधिक उजेडाची पट्टी. सहा इंचीला वीस-बावीस सेंटिमीटर पुरतात, १:६ ला अडतीस-चाळीस लागतात. यंत्रमानव आणि परग्रहवासी यांच्याबाबतीत मात्र जपून. कथेतला आठ फुटी यंत्रमानव १:१२ ला वीस सेंटिमीटरच्या वर जातो. त्यामुळे ‘सहा इंची मालिका’ असं बॉक्सवर लिहिलं असलं तरी त्या पात्राची प्रत्यक्ष उंची विचारून घ्या. ट्रान्सफॉर्मर्ससारख्या, मोटारीचं किंवा शस्त्राचं रूप बदलून रोबोट होणाऱ्या खेळण्यांच्या मालिकेत तर एकमेकांशी प्रमाण फारसं पाळलेलंच नसतं. १९८४ साली ती सुरू झाली तीच जपानच्या ताकारा कंपनीच्या दोन वेगवेगळ्या खेळण्यांच्या मालिकांमधून, त्यामुळे मोटारीचा रोबोट आणि पिस्तुलाचा रोबोट एकाच उंचीचे निघाले. एका फळीवर एकच स्केल ठेवा. दोन स्केल मिसळले की दोन्ही फिगर्स खोट्या वाटायला लागतात.

पैसे देण्याआधी

हरभट रोडला किंवा मारुती चौकाच्या बाजूला खेळणी भरपूर मिळतात, पण संग्राहकांसाठीचा माल सहसा ऑनलाइनच घ्यावा लागतो, नाहीतर पुण्या-मुंबईच्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्स आणि सिनेमावेड्यांच्या मेळाव्याला, जाऊन हातात घेऊन. हातात घेऊन निवडायची संधी मिळाली तर ती सोडू नका. एकाच फिगरचे तीन बॉक्स पुढ्यात मांडायला सांगा आणि बॉक्सच्या पारदर्शक खिडकीतून दिसणारे तिन्ही चेहरे ताडून बघा. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

परदेशातून मागवणार असाल तर फिगरची किंमत म्हणजे अर्धंच गणित. खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. त्यावर कर आणि कुरिअरचं हाताळणी शुल्क वेगळं. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, त्यामुळे पार्सल कस्टममध्ये अडकू शकतं. विक्रेत्याकडून आधीच लेखी घ्या: अंतिम रक्कम किती, आणि माल अडकला तर पैसे कोणाचे बुडणार. उत्तर गुळमुळीत आलं तर भारतातल्याच विक्रेत्याकडून चार पैसे जास्त देऊन घेतलेलं बरं.

बॉक्स उघडताना

मोबाइल एका जागी टेकवून ठेवा आणि पार्सलच्या पट्टीपासून फिगर बाहेर येईपर्यंत सलग व्हिडिओ काढा. मध्ये थांबवू नका. काही तुटलेलं निघालं तर तक्रारीच्या वेळी विक्रेते हाच मागतात.

आतल्या ट्रेमधले सगळे तुकडे मोजा. जादा हात, शस्त्रं, अँटेना, स्टँडचे भाग. लहान हात ट्रेच्या मागच्या खोबणीत लपलेले असतात आणि ट्रेबरोबर केराच्या डब्यात जातात. फिगरच्या अंगावर जिथे जिथे पातळ प्लास्टिक कागद गुंडाळलाय तो काढून टाका. तो ‘जपून राहावी’ म्हणून ठेवला तर रंगाला चिकटतो.

चेहरा

इथे वेळ घालवा. बाकी सगळं ठीक आणि चेहरा फसलेला असेल तर ती फिगर तुम्ही चार महिन्यांत मागच्या रांगेत ढकलणार.

गणपतीच्या कारखान्यात मूर्तीचं अंग कोणीही रंगवतं, पण डोळ्यांची आखणी कसलेल्या हाताकडेच जाते. फिगरचंही तसंच आहे, फक्त इथे तो कसलेला हात बहुधा छपाईयंत्राचा असतो. गेल्या काही वर्षांत बऱ्याच कंपन्या डोळे, भुवया, ओठ आणि त्वचेच्या छटा डिजिटल पद्धतीने छापतात. नाकाजवळ धरून बघितलं तर बारीक ठिपके दिसतात आणि नवा माणूस घाबरतो. ते ठिपके दोष नाहीत. दोष असतो तो छपाई सरकलेली असण्यात. म्हणजे बुबुळ पापणीच्या कोरीव रेघेच्या बाहेर गेलंय, ओठांचा रंग ओठांच्या खाली उतरलाय, भुवई उंचवट्यावर न बसता कपाळावर चढलीय.

तपासायची पद्धत अशी. फिगर तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर ठेवा आणि चार फूट मागे सरका. मोबाइलने झूम न करता एक फोटो काढा. आता फोटोत बघा: दोन्ही बुबुळं एका रेषेत आहेत का, दोन्ही एकाच ठिकाणी बघतायत का. मग फिगरचं डोकं थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे फिरवून पुन्हा बघा. काही चेहरे समोरून पोकळ वाटतात आणि पाऊण वळले की एकदम जिवंत होतात. तसं असेल तर फिगर परत पाठवायची गरज नाही, तिला कायम पाऊण वळवूनच उभी करायची.

कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये तपासू नका. फ्लॅशने त्वचा चकाकते आणि सगळेच चेहरे मेणाचे दिसतात. सकाळी उत्तरेकडच्या खिडकीतला उजेड सगळ्यात प्रामाणिक. त्यानंतर कपाटातले दिवे लावून एकदा बघा, कारण पिवळ्या दिव्यात त्वचा लालसर होते आणि पांढऱ्या-निळ्या दिव्यात आजारी.

सायफायमध्ये एक सोय आहे, जी इतर फिगर्समध्ये मिळत नाही: हेल्मेट आणि यंत्रमानव. माझं मत विचाराल तर पहिली फिगर यातलीच घ्या. मानवी चेहऱ्यातली एक मिलिमीटरची चूक आपल्याला लगेच खुपते, हेल्मेटमधली नाही. हेल्मेटमध्ये बघायच्या गोष्टी वेगळ्या. काचेवर ओरखडा आहे का, दोन अर्धगोल जिथे जोडलेत ती शिवण डोक्याच्या मधोमध उठून दिसते का, चिन्हं आणि अक्षरं तिरकी बसलीयत का. यंत्रमानवाच्या बाबतीत प्लास्टिकचा रंग आणि वरून मारलेला रंग यातला फरक ओळखायला शिका. चंदेरी प्लास्टिक न रंगवता तसंच सोडलं असेल तर त्यात साच्यातल्या प्रवाहाच्या लाटा दिसतात. चार फुटांवरून त्या लाटाच आधी डोळ्यांत भरतात, मग बाकीचं.

जुनी, वापरलेली यंत्रं दाखवायला कंपन्या धूळ, गंज, खरवडलेल्या कडा रंगवतात. चांगल्या कामात ही झीज तिथेच असते जिथे खरंच घासलं जाईल: गुडघे, कोपरं, शस्त्राची मूठ, बुटांचे टोक. सगळ्या अंगावर सारखाच तपकिरी फवारा मारलेला असेल तर काम उरकलेलं आहे.

सांधे

प्रदर्शनासाठी घेताय, खेळायला नाही, मग सांधे कशाला तपासायचे, असं वाटतं. उलट आहे. खेळणारं मूल सैल सांधा दर मिनिटाला सावरतं. कपाटातल्या फिगरला सहा महिने तसंच उभं राहायचं असतं.

सुरुवात घोट्यापासून करा, खांद्यांपासून नाही. सगळ्या अंगाचा भार घोट्यावर येतो. एका हाताने पोटरी धरा, दुसऱ्याने पाऊल हलवा. फिरताना हलका विरोध जाणवला पाहिजे आणि सोडल्यावर पाऊल आहे तिथेच थांबलं पाहिजे. नंतर गुडघे, मग कंबर, मग वर. जड यंत्रमानवांमध्ये टकटक आवाज करत टप्प्याटप्प्याने फिरणारा सांधा असतो, त्याला रॅचेट म्हणतात. वजन पेलायला तो उत्तम, पण दोन टप्प्यांमधली पोझ देत नाही. त्यामुळे काही रॅचेटवाले रोबोट कायम किंचित पुढे झुकलेले किंवा किंचित मागे रेललेले दिसतात. विकत घेण्याआधी व्हिडिओत हे बघून ठेवा.

सांधा अडकलाय असं वाटलं तर जोर लावू नका. बहुतेक वेळा रंग सांध्यात वाळून दोन भाग चिकटलेले असतात. जोर लावला की आतली खुंटी पिळवटते आणि मोडते, आणि ही मोड चिकटवून नीट होत नाही. गरम पाण्यात मिनिटभर धरा. पाणी कढत हवं, उकळतं नको. किंवा हेअर ड्रायर लांबून फिरवा. प्लास्टिक मऊ झालं की सांधा हळूच सुटतो. ज्या भागात बॅटरी किंवा दिवा आहे, किंवा कापडाचे कपडे आहेत, तिथे अर्थातच पाणी नाही, फक्त ड्रायर. हीच युक्ती वाकलेल्या तलवारीला, बंदुकीच्या नळीला लागू पडते: गरम पाण्यात धरा, सरळ करा, लगेच गार पाण्यात बुडवा.

घट्ट सांध्याला खोबरेल किंवा मशीनचं तेल लावायचा सल्ला घरात कोणीतरी देणारच. नको. तेलाने काही प्लास्टिकमध्ये बारीक तडे जातात. रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या गाड्यांसाठी मिळणारं शुद्ध सिलिकॉन तेल टूथपिकच्या टोकाने एक थेंब लावा, बस्स. सैल सांध्याला उलट उपाय: सांधा गोळ्यावर फिरणारा (बॉल जॉइंट) असेल तर तो गोळा बाहेर काढून त्यावर पाणी घालून पातळ केलेल्या फेव्हिकॉलचा अगदी पातळ थर द्या, पूर्ण वाळू द्या, मग बसवा. झटपट चिकटणारा गोंद या कामासाठी वापरू नका. तो सांधा कायमचा जाम करतो आणि त्याच्या वाफेने आजूबाजूचं चकचकीत प्लास्टिक पांढुरकं होतं.

उभी राहते का

काचेच्या सपाट फळीवर फिगर बिनास्टँडची साध्या पोझमध्ये उभी करा आणि रात्रभर सोडा. सकाळी बघा. सरळ उभी असेल तर घोटे चांगले. पुढे झुकली असेल तर उन्हाळ्यात पडणार हे धरून चाला, कारण उष्णतेने मऊ प्लास्टिक आणखी वाकतं. पाठीवर पंख, टाक्या, रॉकेट असलेल्या फिगर्सचा तोल मागे जातो. त्यांना स्टँड लागतोच, आणि स्टँड लागला म्हणून फिगर वाईट ठरत नाही.

बऱ्याच सहा इंची फिगर्सच्या तळव्याला छिद्र असतं आणि स्टँडला खुंटी. छिद्र आणि खुंटीचं माप कंपनीगणिक बदलतं, एकाची खुंटी दुसऱ्याच्या पायात ठोकू नका. कमरेला धरणारा पारदर्शक पंजाचा स्टँड सगळ्यांना चालतो. १:६ ला मांडीच्या मधून येणारा तारेचा आधार बरा, पण तारेवर प्लास्टिकची नळी चढवलेली आहे ना ते बघा, नाहीतर कपड्यावर वळ उठतो.

पोझ साधी ठेवा. एक पाय किंचित पुढे, वजन एका कमरेवर, डोकं पायाच्या विरुद्ध दिशेला जरासं वळलेलं. झेप, लाथ, दोन बंदुका रोखलेल्या, हे फोटोपुरतं. वर्षभर ताणलेला सांधा सैल होतो, आणि एक फिगर कोसळली की शेजारच्या चार घेऊन खाली येते.

अस्सल की नक्कल

किंमत बाजारभावाच्या निम्म्याहून कमी असेल तर नक्कल समजा. बाकीच्या खुणा हातात आल्यावर दिसतात. अस्सल फिगरच्या तळव्यावर, पाठीवर किंवा मांडीच्या मागे कंपनीचं नाव, कॉपीराइटचं साल आणि उत्पादनाचा देश बारीक अक्षरांत साच्यातच उमटवलेला असतो. नक्कलमध्ये ही ओळ पुसट असते किंवा खरवडलेली. हे साल बहुधा साच्याचं असतं, फिगर बनल्याचं नाही, त्यामुळे नुकत्याच आलेल्या फिगरवर जुनं साल दिसलं म्हणून लगेच शंका घेऊ नका.

नक्कल करणारे सहसा अस्सल फिगरवरूनच साचा काढतात. त्यामुळे नक्कल किंचित लहान निघते आणि कोरीव काम बोथट होतं: बोटांमधल्या रेघा, पट्ट्याची बकलं, चिलखताच्या कडा. प्लास्टिकला रॉकेलसारखा उग्र वास येतो आणि तो आठवड्याने पण जात नाही. बॉक्सवरच्या इंग्रजी मजकुरात स्पेलिंगच्या चुका असतात. स्वस्तात मिळते म्हणून माहीत असूनही नक्कल घेणारे लोक आहेत. त्या रंगात काय असतं याची कोणी हमी देत नाही, आणि घरात लहान मूल असेल तर तेवढं कारण मला पुरे आहे.

प्लास्टिक आणि आपली हवा

फिगरमध्ये मुख्यतः दोन प्लास्टिकं असतात. एबीएस कडक असतं: चिलखत, शस्त्रं, यंत्रमानवाचं अंग. पीव्हीसी मऊ असतं: चेहरा, हात, केस, झगे. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर मिसळलेला असतो, आणि तो वर्षानुवर्षं हळूहळू पृष्ठभागावर येतो. बंद डब्यात आणि उकाड्यात हे लवकर होतं. फिगर हाताला चिकट लागते, त्यावर धूळ बसते ती पुसून जात नाही. असं झालं तर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून मऊ ब्रशने धुवा, सावलीत वाळवा आणि मोकळ्या हवेत ठेवा. धुऊनही दोन-तीन महिन्यांत पुन्हा चिकट झाली तर जागा बदला, फिगर फार गरम ठिकाणी आहे.

एबीएसचा शत्रू ऊन. पांढरं आणि फिकट करडं चिलखत उन्हाने पिवळं पडतं. सायफायमध्ये पांढरी चिलखतं किती, ते तुम्हाला माहीत आहेच. पश्चिमेच्या खिडकीसमोर कपाट ठेवू नका. काच उन्हातला सगळा अतिनील भाग अडवत नाही, म्हणून ‘काचेच्या आत आहे’ हे समाधान पोकळ आहे. पिवळं प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइडने उजळवतात, पण नव्या माणसाने त्या भानगडीत पडू नये. रंग जातो आणि काही वर्षांनी पिवळेपणा परत येतो.

पण आपल्याकडचा सगळ्यात मोठा धोका तिसराच आहे: रेक्झिन. १:६ फिगरचा चामड्यासारखा दिसणारा कोट, पट्टे, बूट हे बहुधा कापडावर पॉलियुरेथेनचा थर दिलेलं रेक्झिन असतं. हवेतला ओलावा तो थर आतून तोडतो. आधी घडीवर सुरकुत्या, मग पापुद्रे, मग काळा भुगा. हे सुरू झालं की थांबवता येत नाही. सांगलीचा पावसाळा सोसणारी १:६ फिगर हवी असेल तर कापडी किंवा कडक प्लास्टिकच्या चिलखताची घ्या. लांब चामडी कोट घातलेलं पात्र कितीही आवडतं असलं तरी त्याची सहा इंची, पूर्ण प्लास्टिकची आवृत्ती बघा. साताऱ्याच्या पश्चिमेला, महाबळेश्वर-पाचगणीकडे राहणाऱ्यांनी तर रेक्झिनचा विचारच सोडावा.

ओलावा मोजायचं छोटं डिजिटल यंत्र स्वस्तात मिळतं. ते कपाटात ठेवा. आकडा ४५ ते ५५ टक्क्यांत असेल तर उत्तम, ६५ च्या वर राहायला लागला की सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. रंग बदलणारी जेल घ्या, म्हणजे कधी भरली ते कळतं, आणि ती गरम करून पुन्हा वापरता येते. स्वयंपाकाच्या भांड्यात मात्र गरम करू नका.

कपाट

तयार काचेची कपाटं मागवण्यापेक्षा गावातल्या ॲल्युमिनियम सेक्शनवाल्याकडून करून घेणं स्वस्त आणि मापात पडतं. फळ्या टफन्ड काचेच्या सांगा, खोली तीस सेंटिमीटर पुरे. दाराच्या फटीला ब्रशची पट्टी लावायला सांगा. ही पट्टी विसरू नका. साखर कारखान्यांच्या हंगामात शेतात पाचट पेटवलं की काळी काजळी उडून गच्चीवर, खिडकीत, सगळीकडे येते, आणि ती पुसायला गेलं की पांढऱ्या चिलखतावर तेलकट रेघ उमटते. काजळी फुंकरीने किंवा कोरड्या मेकअप ब्रशने उडवायची, बोटाने पुसायची नाही. फटीतून पालीही येतात. त्यावर जास्त लिहीत नाही.

मागची रांग उंचावायला ॲक्रिलिकच्या पायऱ्या लागतात. कुपवाड एमआयडीसीत ओळख असेल तर लेझर कटिंगवाल्याकडून उरलेल्या शीटमधून होऊन जातात. उजेडासाठी एलईडी पट्टी, ४००० केल्विनच्या आसपासची (ना पिवळी, ना निळसर), फळीच्या पुढच्या कडेला आतल्या बाजूने. पट्टी मागे लावली तर फिगर काळी दिसते आणि काच उजळते. हॅलोजन लावू नका, तो तापतो. पट्टीचा ॲडाप्टर कपाटाच्या बाहेर ठेवा.

फिगर थेट रबराच्या किंवा व्हिनाइलच्या चटईवर उभी करू नका, दोन्ही एकमेकांना डाग देतात. डोळे किंवा छाती उजळणाऱ्या फिगरमधली बटन सेल दाखवून झाल्यावर काढून ठेवा. सेल गळून आतली तार खाल्ली की दिवा संपला. आणि काढलेली सेल टेबलावर टाकू नका. लहान मुलाने गिळली तर जीवावर बेतू शकतं.

गावभाग, मारुती चौक, नदीच्या बाजूला राहणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही, पण नव्याने भाड्याने आलेल्यांसाठी: २००५, २०१९ आणि २०२१ चा पूर लक्षात ठेवून तळमजल्यावर संग्रह मांडू नका. पर्याय नसेल तर खालचा खण रिकामा ठेवा आणि फिगर्स उचलून न्यायला एक रिकामं प्लास्टिकचं क्रेट घरात असू द्या. आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी ४० फुटांची इशारा रेषा गाठायला लागली की क्रेट भरायला घ्या, ४५ ची धोका रेषा येईपर्यंत थांबू नका.

जुनी फिगर मिळाली तर

आपल्या पिढीच्या माळ्यांवर अजून फनस्कूलचे जी. आय. जो सापडतात. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून १९८७ मध्ये ही कंपनी काढली, आणि तिने भारतात काढलेल्या काही फिगर्सचे रंग अमेरिकन फिगर्सपेक्षा इतके वेगळे होते की परदेशातले संग्राहक आज त्या शोधतात. अशी फिगर हाती आली तर आधी धुऊ नका. अंगठा तुटलाय का बघा, कारण त्या काळच्या कडक प्लास्टिकमध्ये घट्ट बंदूक बसवताना पहिला बळी अंगठ्याचा जायचा. मग कमरेच्या आतला रबर बघा. तो वर्षांनी ताठरतो आणि एक दिवस तुटून फिगर दोन तुकड्यांत हातात येते. तो बदलता येतो, पाठीवरच्या स्क्रूमधून. फक्त नेमक्या मापाचा स्क्रूड्रायव्हर वापरा.

जुन्या ट्रान्सफॉर्मर्समध्ये सोनेरी लाटा असलेलं प्लास्टिक दिसलं तर त्याला हात न लावलेला बरा. त्या मिश्रणातला धातूचा चुरा प्लास्टिकला आतून कमकुवत करतो, आणि साधा सांधा फिरवताना तुकडा कुस्करतो. विकत घेताना असे भाग आहेत का ते विचारून घ्या आणि घेतल्यावर रूप बदलू नका.

ॲक्रिलिकच्या जाड पारदर्शक पेटीत सीलबंद, शंभरपैकी गुण दिलेल्या फिगर्सही विक्रीला असतात. ते गुण बॉक्स, कार्ड आणि सीलच्या अवस्थेचेही असतात. तुम्हाला फिगर उभी करायची असेल तर त्यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

बॉक्सचं काय करायचं

ठेवा. जागा बदलताना आतल्या ट्रेइतकं सुरक्षित दुसरं काही नाही. पण फिगर आत ठेवून वर्षानुवर्षं बंद करू नका, प्लास्टिसायझरचं वर सांगितलेलं सगळं तिथेच घडतं. ट्रे, जादा हात आणि सुटी शस्त्रं झिपच्या पिशवीत घालून बॉक्समध्ये ठेवा, पिशवीचं तोंड किंचित उघडं राहू द्या. बिल बॉक्सवर चिकटवू नका, आत टाका. बिलाच्या थर्मल कागदाची शाई वर्षभरात उडते, म्हणून आधी त्याचा फोटो काढा. बॉक्स माळ्यावर टाकायचे असतील तर पत्र्याला लागून नकोत आणि पश्चिमेच्या भिंतीलाही नकोत.